रथाचं रनिंग किती?

वऱ्हाडातली सगळ्यात गाजलेली लाँग ड्राइव्ह कोणती? उत्तर एकच, कौंडण्यपूर ते द्वारका! सारथी दारुक, रथात श्रीकृष्ण आणि रुक्मिणी, मागून पाठलागावर तिचा चिडलेला भाऊ रुक्मी. भागवतात तर असंही सांगितलंय, की श्रीकृष्ण आनर्त देशातून विदर्भात एका रात्रीत पोहोचले. म्हणजे पार गुजरातच्या बाजूनं थेट वर्धा नदीचा काठ, आणि काम झाल्यावर लगेच रिटर्न. शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक या चार घोड्यांची नावं पुराणात आहेत. पण रथाचं आतापर्यंतचं रनिंग किती, हे रुक्मिणीनं विचारल्याची नोंद कुठंही नाही.

आज मात्र तिच्या माहेरची मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात. कौंडण्यपूर, कुऱ्हा, तिवसा, आर्वी... तिथून शिकून ही मंडळी हिंजवडी, खराडी नाहीतर नागपूरच्या मिहानमध्ये स्थिरावतात. दोन-तीन अप्रेझल्स झाली की गाडीचे वेध लागतात. नवीन गाडीचा ईएमआय झेपत नाही, म्हणून सेकंडहँडचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. ‘डिझेल, २०१६, सिंगल ओनर, एक लाख साठ हजार रनिंग.’ खाली एजंटचा मेसेज : ‘गाडी मख्खन हाये भाऊ, पाहून घ्या!’

घ्यावी का?

बॉस, जरा थांबा. गाडी किती चालली, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की तुम्ही ती किती चालवणार?

आधी थोडा फ्लॅशबॅक. बाजारात एवढ्या जुन्या डिझेल गाड्या आल्या कुठून? जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे राहिले. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका झटक्यात साडेसात रुपयांनी वाढलं, तेव्हा दिल्लीत दोन्हींतला फरक लिटरमागे बत्तीस रुपयांवर गेला होता. मग काय, ज्याला त्याला डिझेलच हवं! फियाटचं १.३ लिटरचं एकच इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट आणि टाटांसाठी, तर मानेसरमध्ये लायसन्सवर मारुतीसाठी बनत होतं. गंमतीनं त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही दर मोकळे झाले आणि फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम आले, छोटी डिझेल इंजिनं महाग झाली आणि मारुतीनं डिझेल बनवणंच थांबवलं. म्हणजे ज्या बत्तीस रुपयांसाठी लोकांनी त्या गाड्या घेतल्या, ते बत्तीस रुपये आता नाहीत. गाड्या मात्र आहेत.

आता साधा हिशेब करू. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरा. पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १५, डिझेलचं २० धरा. पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये, डिझेलला ४ रुपये ६० पैसे. फरक २ रुपये ४० पैसे. हा आकडा लक्षात ठेवा, आणि खालच्या तिघांपैकी आपण कोण ते ओळखा.

नंबर एक : हिंजवडीकर. रोज ऑफिसला जाऊन-येऊन २० किलोमीटर, वर्षाला २४० दिवस. शिवाय दिवाळी, उन्हाळा, लग्न, तेरवी मिळून वर्षात चार वेळा गावी. पुण्याहून एका बाजूचे सहाशेच्या आसपास, म्हणजे एका फेरीचे बाराशे. एकूण साडेनऊ हजार किलोमीटर, बचत साधारण २३ हजार रुपये. आकडा बरा दिसतो. पण यातलं निम्मं रनिंग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होणार. डिझेल इंजिनाला मोकळा रस्ता आवडतो. तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये घुसमटलं, की त्यात काजळी धरते. बीएस-सिक्स गाडी असेल, तर धूर गाळणारा फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. एका नोजल सेटचं किंवा टर्बोचं बिल आलं, की वर्षाचे २३ हजार गेले आणि वर खिशातले द्यावे लागले. याला माझं उत्तर : कमी चाललेली पेट्रोल बघा.

नंबर दोन : श्रावणबाळ. याला गाडी स्वतःसाठी नको, आईबाबांसाठी हवीय. ‘बाबा किती दिवस एसटीनं दवाखान्यात जातील?’ भावना शंभर टक्के खरी. कौंडण्यपूर ते अमरावती साधारण ४० किलोमीटर. महिन्यातून दोनदा तपासणी, बाजार आणि परत. वर्षाचे झाले १,९२० किलोमीटर. डिझेलमुळे बचत किती? साडेचार हजारांच्या थोडी वर! बाकीचे दिवस गाडी अंगणात कव्हर घालून उभी. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर कडक होतात, टाकीत ओल धरते, उंदीर वायरी खातात. आणि एक लाख साठ हजार चाललेल्या गाडीला उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त बाधतं.

पैशाचं एक वेळ सोडा. रात्री दोनला बाबांच्या छातीत कळ आली, आईनं शेजारच्या पोराला उठवलं, त्यानं चावी फिरवली आणि सेल्फचा नुसता ‘टक’ असा आवाज आला, तर? ‘दारात गाडी आहे’ या भरवशावर कोणी १०८ ला फोनसुद्धा केलेला नसतो. तुम्ही सहाशे किलोमीटरवर. म्हणून श्रावणबाळांना सांगणं एवढंच, की गावातल्या एखाद्या भरवशाच्या गाडीवाल्याशी महिन्याचं ठरवून टाका. चोवीस फेऱ्यांचं भाडं एका जुन्या गाडीच्या विमा, बॅटरी, टायर आणि दुरुस्तीशी ताडून पाहा. घ्यायचीच असेल, तर लहान पेट्रोल घ्या आणि आठवड्यातून एकदा ती चालवणारा माणूस आधी ठरवा.

नंबर तीन : फिरस्ता. बियाणं-खतांच्या कंपनीत, औषध कंपनीत किंवा बँकेच्या वसुलीत असलेला. आज अकोला, उद्या परतवाडा, परवा धारणी. दिवसाला दीडशे किलोमीटर, वर्षाला ३६ हजार. बचत ८६ हजार ४०० रुपये. साहेब, ही गाडी तुमच्यासाठीच आहे! दोन वर्षांत मोठं काम निघालं तरी तुम्ही फायद्यात. फक्त तीन वर्षांनी मीटर अडीच लाखांच्या पुढे असेल आणि विकताना कवडीमोल भाव येईल, हे आजच गृहीत धरा.

आता तुम्ही तिसऱ्या गटात असाल, तर मीटरकडे वळू. इथं लोक नेमकं उलटं घाबरतात. आठ वर्षांत एक लाख साठ हजार म्हणजे वर्षाला २० हजार. डिझेल गाडी हायवेला चालली असेल, तर हे रनिंग अगदी सरळ आहे. उलट त्याच वयाची डिझेल गाडी ‘फक्त ४५ हजार’ चाललीय म्हणाले, की कान टवकारा. जास्तीचे पैसे मोजून डिझेल घेणारा माणूस वर्षाला साडेपाच हजारच का फिरवेल? क्वचित खरंही असतं. पण मीटर मागे फिरवणं हा धंदा जुना आहे. स्टिअरिंग गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलेलं, ड्रायव्हरची सीट खचलेली आणि मीटर म्हणतंय ४५ हजार, तर पेडल खरं बोलतंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नंबरावर जुन्या नोंदी निघतात, मालकाला बरोबर घेऊन त्या काढा. बिलांची फाईल असलेली दीड लाखवाली गाडी बिनकागदाच्या साठ हजारवालीपेक्षा केव्हाही बरी. रथ कितीही पळो, तो हाकणारा दारुक कोण होता हे महत्त्वाचं.

पाहायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठलं पाहिजे. धूर बघा : निळा दिसला तर इंजिन ऑइल खातंय, काळा असेल तर नोजल, टर्बो किंवा फिल्टरची तक्रार, पांढरा येतच राहिला तर डिझेल नीट जळत नाहीये किंवा कूलंट आत शिरतंय. सुरू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. भसाभस वाफ मारत असेल, तर इंजिन खोलायची वेळ जवळ आली. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल, तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. तो तुटला, तर इंजिनाचा बाजार उठतो.

ट्रायल घेताना आपला सपाट वऱ्हाड फसवतो. सपाट रस्त्यावर म्हातारं इंजिनसुद्धा तरुण वाटतं. त्यातून अमरावती-अकोला हायवे, जिथं जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस रेकॉर्ड झाला. असल्या रस्त्यावर काहीही पळेल! गाडी चढावर न्या. घाट नसेल तर फ्लायओव्हर. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडीनं वेग घेतला नाही, तर क्लच गेला. जमलं तर दुपारी एसी लावून अर्धा तास फिरवा. डिसेंबरात सगळेच एसी मस्त असतात. अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा इंजिनाचा काटा कुठं राहतो ते खरं.

समृद्धीनं येणं-जाणं असेल, तर टायरवरची चार आकडी तारीख वाचाच. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी जुनं रबर आतून कडक झालेलं असतं. १२० च्या वेगात, मे महिन्यात, काँक्रीटवर त्याची परीक्षा घ्यायची नसते. जुने टायर दिसले तर चार नव्यांची किंमत भावातून कापून घ्या.

शेवटी कागद. इसार देण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका आणि बँकेचा बोजा, विमा, थकलेले ई-चलान बघा. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पुन्हा पासिंगला. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० झाली, शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली-हरयाणा पासिंगची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून हुरळू नका. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ती उचलून धरली, तेव्हापासून त्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला, की स्वस्ताई बरीचशी उडते. आणि ‘नाव नंतर करू’ हे दोघांनीही ऐकू नये. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

हे सगळं जुळलं, तर बिनधास्त घ्या. फक्त ठरलेल्या भावाच्या पाचवा हिस्सा वेगळा काढून ठेवा आणि पहिल्याच महिन्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, बॅटरी बघून टाका. एवढे पैसे बाजूला निघत नसतील, तर ती गाडी अजून तुमच्या बजेटात बसलेली नाही. सहा महिने थांबा. जुन्या डिझेल गाड्या कुठं पळून चालल्यात?