गोब्लिनची बोली आणि मोठी माय

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन पाहुणे आले. एक माझी आई. तिला सगळे घर 'मोठी माय' म्हणते. पारोळा तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला आली होती. दुसरा पाहुणा म्हणजे पुण्याहून सुटीत आलेला पुतण्याचा मुलगा. मोठ्या मायने येताना दादरचे पीठ आणि बिबड्या आणल्या. पुण्याच्या पाहुण्याने आणले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची पिशवी. फासेही कसे, तर कुणाला चार बाजू, कुणाला आठ, कुणाला चक्क वीस!

मे महिन्यात जळगावला दुपारी घराबाहेर पडणे म्हणजे आपणहून तव्यावर बसणे. म्हणून आमचा नातू, हा पाहुणा आणि गल्लीतली दोन पोरे कूलरसमोर फरशीवर खेळ मांडून बसायची. मला वाटले सापशिडीसारखे काही असेल. पण तिथे पटही नाही, सोंगट्याही नाहीत. प्रत्येकाजवळ एकेक कागद. एकजण गोष्ट सांगतो, "तुम्ही जंगलात आला आहात, समोर गुहा आहे." बाकीचे सांगतात, मी मशाल पेटवतो, मी झाडावर चढतो. जमले की नाही ते फासा ठरवतो. वाचकहो, हे सोंग घेणेच झाले. आपल्याकडच्या वगात नाही का, गोष्ट ठरलेली असे आणि बोलणे सोंगाड्याने उभ्याउभ्या रचायचे, तसलाच प्रकार. या खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला आणि पुढे जगभर पसरला.

प्रत्येक खेळाडूच्या कागदावर आपल्या सोंगाची सगळी माहिती असते. ताकद किती, चपळाई किती, बुद्धी किती, आणि भाषा कोणकोणत्या. भाषा ही तिथे तलवारीसारखी कामाला येते. भाषा येत असेल तर पहारेकऱ्याशी बोलून दार उघडता येते, नाहीतर लढावे लागते. नातवाच्या कागदावर दोन भाषा होत्या, कॉमन आणि एल्व्हिश. कॉमन म्हणजे सगळ्यांना येणारी बाजारातली सामान्य भाषा. एल्व्हिश म्हणजे एल्फ नावाच्या देखण्या, दीर्घायुषी लोकांची.

त्या दिवशी गुहेच्या तोंडाशी गोब्लिन आडवा आला. गोब्लिन म्हणजे गुहेत राहणारा बुटका, कुरूप, चोरटा प्राणी. गोष्ट सांगणाऱ्या पाहुण्याने विचारले, "गोब्लिनची भाषा कुणाला येते?" कुणालाच येत नव्हती. मग त्याने तोंड वेडेवाकडे करून, खरखरीत आवाज काढून गोब्लिनला बोलते केले, "कथा जाय ऱ्हायना रे?"

पोरे हसून लोळली. सगळ्यात जास्त आमचा नातू.

आणि आतल्या खोलीतून, डोळ्यावर काळा चष्मा लावून बाजेवर पडलेल्या मोठ्या मायने उत्तर दिले, "मी आठेच शे रे भाऊ!"

तिला वाटले, कुणी आपलीच चौकशी करतो आहे. इतक्या दिवसांत त्या घरात तिच्या बोलीत तिला कुणी काही विचारले नव्हते. पोरे एकदम गप्प झाली. मीही गप्प झाले, कारण दोष पोरांचा नव्हता.

सरळ सांगते. मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. "माले भूक लागनी" असे कुणी पाटीवर लिहिले की त्याखाली रेघ मारून "मला भूक लागली" लिहायला लावणारी मीच. ते चुकीचे केले असे म्हणत नाही. पोरांना परीक्षेत मराठीच लिहायचे होते. पण 'माले' हे चूक नाही, ती दुसरी भाषा आहे, हे मी एकाही पोराला सांगितले नाही. आणि नातू इंग्रजी शाळेत जाऊ लागला तेव्हा मोठ्या मायला, "याच्याशी शुद्ध बोलत जा बरं," असे बजावणारीही मीच. सुनेने नव्हे. तेव्हापासून ती त्याच्याशी फारसे बोलतच नाही. नुसती डोक्यावरून हात फिरवते.

रात्री मी ते पुस्तक पाहुण्याकडून वाचून घेतले. २०१४ सालची आवृत्ती. तिच्यात भाषांचा तक्ताच दिला आहे. एल्फांची भाषा ओघवती, तिच्यात बारीक सूर आणि गुंतागुंतीचे व्याकरण. ऑर्क नावाच्या रानटी योद्ध्यांची भाषा कठोर आणि कर्कश. ऑर्कांना आणि गोब्लिनांना स्वतःची लिपी नाही. त्यांनी खाणीत काम करणाऱ्या बुटक्या ड्वार्फांची अक्षरे उसनी घ्यायची. पुस्तकाने प्रत्येक जमातीला जन्माबरोबर भाषा वाटून दिली, आणि गोरीगोमटी मंडळी गोड बोलणारी, गुहेतली मंडळी खरखर बोलणारी, असा शिक्काही मारला. आपल्या वाचकांना यात नवे काय वाटणार?

१९७४ च्या पहिल्या पुस्तकात नियम होता की बुद्धीचे गुण १० च्या वर जितके, तितक्या जास्त भाषा शिकता येतील. १९८१ च्या पुस्तकाने त्यापुढे मजल मारली. ज्याचे बुद्धीचे गुण ५ किंवा कमी, त्याला सामान्य भाषा लिहिता-वाचता येत नाही. म्हणजे अक्षर येत नाही तो मुळात बुद्धीने कमी! मी पाहुण्याला विचारले, "बाबा, या हिशेबाने बहिणाबाईंना किती गुण देशील?" बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८०. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर गाणी रचायच्या, ती घरच्यांनी लिहून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या; मग मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक छापले गेले. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ जळगावात उभे आहे. पाहुणा म्हणाला, "आजी, तो नियम जुना झाला." असेल. पण कुणीतरी तो केला होता, आणि हजारो पोरे त्या नियमाने खेळली होती. आमची मोठी माय अंगठा उठवते. पण अहिराणी तिची घरची. मराठी येते. जिनिंगमध्ये सरकी वेचताना गुजराथी मुनिमाशी बोलायला शिकली, आणि हिंदीत भांडता येते. माझ्या नातवापेक्षा तिचा कागद मोठा भरेल.

हे एल्फ आणि ऑर्क मुळात खेळवाल्यांचे नव्हेत. इंग्लंडमधले प्राध्यापक टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांचा या खेळावर मोठा प्रभाव आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली आली. टॉल्किन भाषांचे अभ्यासक होते. त्यांनी फिनलंडच्या भाषेच्या धर्तीवर एक आणि वेल्स प्रांताच्या भाषेच्या धर्तीवर दुसरी, अशा एल्फांच्या दोन भाषा व्याकरणासकट रचल्या. आधी भाषा केल्या, मग ती बोलणारी माणसे आणि त्यांच्या गोष्टी. मला याचे कौतुक वाटले. बोलणारा नसेल तर भाषा राहत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडचे उदाहरण हवे तर 'बाहुबली' आठवा. २०१५ च्या त्या सिनेमात काळ्याकभिन्न कालकेयांचा सरदार जी भाषा बोलतो ती किलिकी, तमिळ गीतकार मदन कार्की यांनी मुद्दाम बनवलेली. थिएटरात पोरे ती ऐकून शिट्ट्या मारत होती. पण तिथेही पाहा, नवी भाषा कुणाच्या तोंडी दिली? राजपुत्राच्या नव्हे.

भाषा बनवणे हे काही प्राध्यापकांचेच काम नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी 'च'ची भाषा केली आहे. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी टाकायचे आणि पुढे 'च' लावायचा. "मला भाकर दे" म्हणजे "चलाम चकरभा चदे". मास्तरांसमोर मास्तरांबद्दल बोलायची ही सोय. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाचा भाव ठरवतात. बैलाचा मालक शेजारी उभा असतो आणि त्याला कळत नाही. ज्याला ती बोटे येत नाहीत तो बुडाला. माझे वडील त्यात एकदा बुडाले होते, त्यामुळे ही कला मला गोड लागत नाही.

खेळात चोराचे सोंग घेणाऱ्याला 'चोरांची बोली' आपोआप मिळते. साधी गोष्ट त्या बोलीत लपवून सांगायला चौपट वेळ लागतो, असेही लिहिले आहे. हे वाचताना पोरांना गंमत वाटली, मला वाटली नाही. कारण आपल्या देशात हा खेळ इंग्रज साहेबांनी खऱ्या माणसांवर केला. १८३६ साली स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याने ठगांच्या शब्दांचा कोशच छापला. १८७१ च्या कायद्याने कितीएक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या, आणि पालावर आई लेकराशी जे बोलते ते पोलिसाच्या कानाला कट वाटू लागले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. बोली मात्र अजून संशयातून सुटलेली नाही. एसटीत दोन बाया आपल्या बोलीत बोलू लागल्या की पुढच्या बाकावरची बाई पर्स पोटाशी धरते, हे मी पाहिले आहे.

आता आपल्या अहिराणीचे बघा. ग्रियर्सन साहेबांनी १९०७ साली भाषांच्या पाहणीत खानदेशी भिल्ली भाषांबरोबर एकाच खंडात घातली. सरकारी जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजतात आणि अहिराणी तिच्याखाली येते. २००१ साली खानदेशी आपली मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली ते १८ लाख ६० हजारांवर आले. दहा वर्षांत माणसे वाढली आणि भाषा दोन लाखांनी घटली! ही दोन लाख माणसे गेली कुठे? कुठेही नाही. ती घरातच आहेत. गणनेचा माणूस आमच्या दारात आला तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात मी "मराठी" सांगितले होते. त्या दोन लाखांत मी एक.

त्याच पुस्तकात आणखी एक नियम सापडला. सोंगाला नवी भाषा शिकायची असेल तर २५० दिवस गुरू करावा लागतो आणि रोजचे एक सोन्याचे नाणे मोजावे लागते. मी नातवाला म्हटले, तुझ्या घरात बाजेवर एक गुरू पडून आहे, नाणेही मागत नाही. तो काही बोलला नाही. पाहुण्याने मात्र मोबाइलवर काहीतरी शोधले आणि म्हणाला, "आजी, २०२४ च्या नव्या पुस्तकात बदललंय बघ." खरेच बदलले आहे. नव्या आवृत्तीत जमातीला 'रेस' म्हणत नाहीत. कुठल्या जमातीत जन्मलात यावरून भाषा मिळत नाही. सामान्य भाषा सगळ्यांना, आणि शिवाय कोणत्याही दोन आपण निवडायच्या. गोब्लिनची आणि ऑर्कचीही साध्या यादीतून निवडता येते. मुक्या-बहिऱ्यांची हातवाऱ्यांची भाषाही त्या यादीत आली आहे. ही दुरुस्ती व्हायला त्यांना पन्नास वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांनी बैठक कूलरसमोरून हलवून आतल्या खोलीत नेली. कूलरचा वारा तिथे पोचत नाही, तरी नेली. नातवाने कागदावरची एल्व्हिश खोडली होती. खोडलेल्या जागी काय लिहिले ते त्याने मला दाखवले नाही, पण अक्षरे देवनागरी होती. गुहेचा पहारेकरी अजून तिथेच अडून होता आणि त्याच्याशी बोलायला शब्द हवे होते. "मोठी माय, 'आम्हाला आत जाऊ दे' कसं म्हणायचं?"

मोठ्या मायने आधी चौकशी केली. "तो कोठला शे?"

नातू अडखळला. मग म्हणाला, "गुहामा ऱ्हास." चौदा वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेले हे पहिले अहिराणी वाक्य. उच्चार पार बिघडलेला. मोठ्या मायने तो दोनदा म्हणवून घेतला, माझ्यासारखी रेघ न मारता.

"एकलाच ऱ्हास?"

पोरांनी पाहुण्याकडे बघितले. पाहुण्याने पुस्तकाची पाने चाळली.

"आनि त्यानी माय काय करस?" मोठ्या मायने विचारले.

पुस्तकात ते कुठेच दिलेले नव्हते.