एकमेव प्रत

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हां दोघांच्या संगणकात परवापरवापर्यंत प्रत्येक फायलीची एकच प्रत होती, हे कबूल करण्यास संकोच वाटतो. वर्गात मात्र आम्ही दरवर्षी सांगत आलो की, ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, आणि म्हणूनच त्या ग्रंथाचे इतके पाठ आढळतात.

मग एके सायंकाळी हार्डडिस्क टकटक आवाज करू लागली आणि सकाळी संगणक सुरूच होईना. तीत बोलींच्या अभ्यासासाठी ध्वनिमुद्रित केलेल्या अकरा मुलाखती होत्या. रेकॉर्डरमधील मूळ ध्वनिफिती आम्हीच, जागा हवी म्हणून, पुसून टाकल्या होत्या. डेटा रिकव्हरीवाल्याकडेही काही निघाले नाही. लेख पुन्हा लिहिता येतो. पण बोलणाऱ्यांपैकी दोघीजणी आता हयात नाहीत.

‘क्लाऊडवर असतेच की सगळे’, असे आमचे सहकारी म्हणतात. हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. गूगल ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरातून इथे फाईल पुसली की ती तिथूनही जाते. कचरापेटीत तीस दिवस राहते खरी, पण आपल्या ते ध्यानात येते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपल्यावर! दोन ठिकाणी एकच चूक उमटत असेल, तर तिला दुसरी प्रत म्हणता येणार नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा दंडक आम्हांला पटतो : प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत घराबाहेर. एक बाह्य हार्डडिस्क घ्यावी. विंडोजमधील ‘फाईल हिस्टरी’ किंवा मॅकवरील ‘टाइम मशीन’ फायलींच्या जुन्या आवृत्त्याही राखते (‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरेच अंतिम’ अशी नावे देण्याचा आमचा छंद त्यामुळे सुटला). काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी; ती जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर व्हायरस तिच्यातील फायलीही कुलूपबंद करू शकतो. घराबाहेरच्या प्रतीसाठी क्लाऊड चालेल. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरता ठीक. आणि अधूनमधून प्रतीतील एखादी फाईल उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर कोणता संपादक विसंबेल?

मराठीवाल्यांना आणखी एक जाच आहे. श्रीलिपी वा कृतिदेवमध्ये टंकलेला जुना प्रबंध जपला, पण तो फाँट हरवला, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. असा मजकूर वेळीच युनिकोडमध्ये आणावा, सोबत पीडीएफही ठेवावी. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा मूळ फाईल लगेच पुसू नये.

आमच्या अकरांपैकी चार मुलाखती परत मिळाल्या. लिप्यंतरासाठी त्या एका विद्यार्थिनीला दिल्या होत्या, आणि तिने त्या पुसल्या नव्हत्या. त्या दोघींपैकी एकीचा आवाज त्या चारांत आहे.