निजामाचा कागद चालतो, निजामाचा शिपाई चालत नाही

सिरसाळ्याच्या स्टँडवर परवा एक व्हिडिओ फिरत होता. फ्रान्समध्ये अरबांनी कसं 'अतिक्रमण' केलं, असं काहीतरी. आपल्याच वस्तीतली दोन पोरं तो फॉरवर्ड करत होती. मी विचारलं, बाकड्यावर चहा पितोय तो चाऊस कोण रे? पोरं म्हणाली, तो तर आपलाच, परळीचा.

चाऊस म्हणजे अरबच. येमेनच्या हद्रमौत भागातून त्यांचे पूर्वज फौजेच्या चाकरीला आले. मराठ्यांच्या पदरीही अरब होते. 1818 मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध अरब शिबंदीनेच लढवला. पण मोठी संख्या निजामाकडे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही आली. 'चाऊस' हा मुळात तुर्की फौजेतला हुद्दा, आपल्या हवालदारासारखा. त्यांच्यातले काही जमादार सावकारी करत आणि वसुली कडक असे, हेही लपवायचं कारण नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली. हजारो अरबांना पकडून छावण्यांत ठेवलं आणि अनेकांना जहाजाने एडनकडे धाडलं. कित्येकांचा जन्म इथलाच होता. पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात हैदराबाद राज्यात 27 ते 40 हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. रझाकारांचा जुलूम खरा होता, पण त्याचा सूड रझाकार नसलेल्यांवरही निघाला. त्यात आपली माणसंही होती. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्येच अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी 'निजामाचे' ठरवून मराठवाड्यातल्या महारवाड्यांवर हल्ले झालेच.

आता फ्रान्स. अल्जीरिया 1962 पर्यंत फ्रान्सच्याच ताब्यात होता. तिथली माणसं मोटारीच्या कारखान्यांत आणि बांधकामावर मजूर म्हणून नेली, शहराबाहेर झोपड्यांत आणि नंतर उंच वसाहतींत ठेवली. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्यांच्या पोरांनी 1983 मध्ये मार्सेपासून पॅरिसपर्यंत समतेसाठी पायी मोर्चा काढला. 3 डिसेंबरला पॅरिसमध्ये जवळपास एक लाख लोक जमले. चाळीस वर्षांनी, जून 2023 मध्ये, नांतेर इथे अल्जीरियन वंशाच्या 17 वर्षांच्या मुलाला पोलिसाने गाडीत गोळी घातली आणि देश पेटला. तो मुलगा फ्रान्समध्येच जन्मलेला होता. तरी चर्चा मात्र 'बाहेरून आलेल्यां'चीच झाली.

आपल्याकडेही हाच प्रश्न कागदाच्या रूपात येतो. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला मान दिला. कुणबी नोंदी शोधायला उर्दू जाणणारे लागले. म्हणजे निजामाचा कागद पुरावा म्हणून चालतो, त्याच निजामाच्या शिपायाचा पणतू मात्र निवडणूक आली की परका ठरतो. मतदार यादीच्या पडताळणीचं बिहारमध्ये 2025 साली काय झालं ते आपण पाहिलं: 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्याला आई-बापाचाही कागद मागितला. हे फक्त मुसलमानाला भोवेल असं समजणाऱ्याने जरा आपल्या घरातली पेटी उघडून बघावी. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. वर्षातले सहा महिने ऊसतोडीच्या कोपीवर काढणाऱ्या घरात तो कागद कुठे सापडणार?

त्या दोन पोरांपैकी एकाचा जात पडताळणीचा अर्ज अजून अडकलाय. पणजोबांचा शाळेचा दाखला नाही, कारण पणजोबा शाळेत गेलेच नव्हते. जमिनीचा एक जुना उतारा निघाला, तोही उर्दूत. तो त्याला त्या चाऊसच्या आजोबांनी वाचून दाखवला.