कवीचा संसार

मुरुडला एका तरुण कवीने मला सुनावले, "फादर, कवीला संसाराची मापे लावू नयेत." मला हे मान्य नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र सुमारे पाच वर्षांची ताटातूट आणि लहानग्या दत्तूची काळजी आली. टिळकांच्या श्रद्धेची किंमत त्यांनीही मोजली, हे आपण व्यासपीठावरून सांगत नाही. १९०० साली त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी पतीचा लहरीपणा लपविला नाही, प्रेमही उणे केले नाही. १९१९ साली टिळक गेल्यावर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केले. माझ्या तरुण मित्राने पुढची कविता लिहिण्यापूर्वी 'स्मृतिचित्रे' वाचावी आणि पत्नीलाही वाचावयास द्यावी.