रुग्णालयात संगणक येतो तेव्हा

रुग्णालयातील केसपेपरची जागा आता हळूहळू संगणक घेत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. इच्छुक नागरिकास ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने त्याच्या आजाराची माहिती दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांनाही पाहता येते. हरवलेले कागद, पुनःपुन्हा होणाऱ्या तपासण्या, न लागणारे हस्ताक्षर ह्यांतून रुग्णाची सुटका होणार असेल, तर आम्ही ह्या बदलाचे स्वागतच करतो. मात्र यंत्र विकत घेता येते, कामाची नवी रीत विकत घेता येत नाही, ह्याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनाय ह्या नामांकित रुग्णालयाने २००२ साली डॉक्टरांना औषधोपचाराच्या सूचना संगणकावरच नोंदविणे भाग पाडले. चुका टळाव्यात हा हेतू होता. परंतु कागदावर क्षणात लिहिली जाणारी सूचना नोंदविण्यास आता कितीतरी अधिक वेळ लागू लागला. पडद्यावर सतत उमटणाऱ्या इशाऱ्यांनी डॉक्टर त्रासले. अखेर त्यांच्या तीव्र विरोधामुळे जानेवारी २००३ मध्ये ती व्यवस्था स्थगित करावी लागली.

ब्रिटनमध्ये तर सबंध इंग्लंडसाठीच २००२ साली असा कार्यक्रम हाती घेण्यात आला. निर्णय वर झाले, रुग्णालयांच्या वाट्याला केवळ अंमलबजावणी आली. अब्जावधी पौंड खर्चूनही सप्टेंबर २०११ मध्ये तेथील सरकारला तो कार्यक्रम गुंडाळण्याची घोषणा करावी लागली.

ह्या दोन्ही उदाहरणांतून आम्हांस एकच गोष्ट प्रकर्षाने जाणवते. नव्या व्यवस्थेविषयी कुरकुर करणारा कर्मचारी आडमुठाच असतो असे नव्हे. रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळणारी परिचारिका जेव्हा ‘हे जमत नाही’ असे म्हणते, तेव्हा पुष्कळदा ती व्यवस्थेतील दोषच दाखवीत असते. तीच नोंद वहीत आणि संगणकातही करावी लागली, तर तो वेळ रुग्णाच्या खाटेजवळून वजा होतो.

तेव्हा यंत्रणा निवडतानाच परिचारिका, औषध देणारे व नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचारी ह्यांना विचारावे. प्रथम एका वॉर्डात प्रयोग करावा. प्रशिक्षण कामाच्या वेळेतच द्यावे आणि आरंभीचे काही आठवडे जादा मनुष्यबळ पुरवावे. कागदावर काम करण्याचा सरावही टिकवावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’च्या संगणकांवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील बरेचसे काम सुमारे दोन आठवडे हातानेच करावे लागले होते.

आपल्या धर्मभगिनी चालवीत असलेल्या लहान रुग्णालयांपुढेही हा प्रश्न येणारच आहे. तेथे येणाऱ्या एखाद्या वृद्ध आजीकडे मोबाईल नसेल, परंतु म्हणून तिला खिडकीवरून परत जावे लागू नये. आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, हेही आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे. आणि संगणकापुढे अडखळणारी परिचारिका दिसलीच, तर रांगेत उभ्या असलेल्या आपण तिच्यावर चिडण्याऐवजी थोडा धीर धरावा. ती नवी रीत शिकते आहे, तीही आपल्याचसाठी.