एका पातेल्याचा कैवार

सुगरण म्हणून एखाद्या बाईचा गौरव करावयाचा झाला की आपल्याकडे ताटातले पदार्थ मोजण्याची चाल आहे. उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, मध्ये पोळी आणि भात. यांतले एक जरी उणे पडले तरी वाढणारीलाच ओशाळल्यासारखे होते. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद, जेथे जेथे मराठी घर रुजले तेथे ही चालही बरोबर गेली. सणावारी ती शोभते. पण रोज दोन्ही वेळा ती पाळलीच पाहिजे हा आग्रह आम्हांस संस्कृतीचा वाटत नाही. तो दुसऱ्याच्या श्रमांवर चाललेला थाट आहे.

आमचे पूर्वज या बाबतीत आमच्याहून शहाणे होते. वरणफळे हेच उदाहरण घ्या. शिजलेली तुरीची डाळ घोटून सैल करावी, हिंग, मोहरी, हळद यांची फोडणी द्यावी, आमसूल, गूळ व गोडा मसाला घालून उकळी आणावी, आणि कणकेच्या पातळ पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे त्यात सोडावेत. पाऊण तासात घरातली चार माणसे तुपाची धार घेऊन तृप्त होतात. यात बाजारात धावावे लागेल असे काहीच नाही. सारे डब्यांतच असते. याच पदार्थाला कोणी चकोल्या म्हणतात, आणि बडोदेकरांच्या शेजारी ती दाळढोकळी म्हणून नांदते. गोव्यात उकड्या तांदळांची पेज आणि भाजलेला खारा बांगडा यांवर कष्टकऱ्यांच्या पिढ्या शेतात राबल्या. खिचडीची तर गोष्टच नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो हा, की हे आजाऱ्याचे अन्न. चौदाव्या शतकात इब्न बतूता या देशात आला, तेव्हा मूग-तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर न्याहारीला खाताना त्याने लोकांना पाहिले; ते लोक धडधाकट होते. अबुल फजलाने ‘आइन-ए-अकबरी’त तांदूळ, डाळ व तूप समभाग असलेली खिचडी नोंदविली, ती बादशाही मुदपाकखान्यातली. आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी दिल्लीत ९१८ किलो खिचडी शिजवून विक्रम करण्यात आला, तोही रुग्णालयात नव्हे. दुसरा आक्षेप सकसपणाचा. तांदळात लायसिन कमी, ते डाळीत विपुल. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवितो. वर मूठभर पालेभाजी त्याच पातेल्यात टाकली की या आक्षेपाचे तोंड बंद व्हावे.

खरा आक्षेप मात्र कोणी उघड बोलत नाही. तो असा, की बाईच्या वेळेला किंमत नाही; मग ती वाचवायची कशाला? या प्रश्नाचे उत्तर आमच्या व्यवसायाने दिलेले आहे. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत गृहिणीच्या घरकामाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. ५ जानेवारी २०२१ रोजी कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालपत्रात त्याच न्यायालयाने २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीचा दाखला दिला: विनामोबदला घरकामात बाईची दिवसाची २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. पुढे २०२४ ची पाहणी झाली, तेव्हा बाईची मिनिटे २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटांची सुटका! आणि पुरुषाची? ती ८८ वर उतरली. म्हणजे तिने दहा वाचविली, तर यानेही नऊ वाचवून घेतली.

ज्या श्रमांची किंमत गृहिणी मेल्यावर न्यायालयात मांडावी लागते, ती तिच्या हयातीत स्वयंपाकघरात का मांडू नये, एवढाच आमचा सवाल आहे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. गरिबाने एकाच पदार्थावर भागवावे, असा उपदेश आम्ही करीत नाही. त्याला तो धडा परिस्थितीने कधीच दिला आहे. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याला धान्याचा हक्क दिला, डाळीचा नव्हे, हेही आम्ही विसरलेलो नाही. आमचे सांगणे ऐपत असलेल्यांना आहे. त्यातही जे स्वतः पाटावर बसून परंपरेचे गोडवे गातात, पण ज्यांच्या हाताला पळीचा कधी स्पर्श झालेला नाही, त्यांना विशेषेकरून.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. आठवड्यातून चार रात्री घरात एकच पातेले चुलीवर चढावे, पाहुणा आला तरी त्याबद्दल कोणी क्षमा मागू नये, आणि त्या चारांतल्या दोन रात्री ते पातेले घरातल्या पुरुषाने चढवावे. डाळ-तांदूळ धुऊन कुकरच्या शिट्ट्या मोजण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही. एवढेही ज्यांना जड वाटते, त्यांनी भरल्या ताटाच्या अभिमानाची भाषा तरी करू नये.