हातचा कुठून आला?

मूल शाळेत न जाता घरीच शिकतंय असं कळलं की बारामती-इंदापूरकडच्या पाहुण्यारावळ्यांत पहिली चौकशी गणिताची होते. उत्तराची वाट न पाहता सल्लाही येतो: हातच्याची वजाबाकी आधी घोटून घ्या. वरचा आकडा कमी पडला की शेजारून एक उसना घ्यायचा, त्याचे दहा करायचे, शेजारी एकाने कमी करायचं. रोज वीस गणितं. अर्थ काय तो पुढे आपोआप कळतो. आम्ही असेच शिकलो, आमचं काही अडलं नाही.

हा सल्ला मायेपोटी येतो आणि त्यातली एक गोष्ट खरी आहे. सरावावाचून वजाबाकी हाताला बसत नाही. पण रीत आधी आणि अर्थ मागून, हा क्रम मला मान्य नाही. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण घरात तो क्रम पाळण्याची काही गरजच नसते.

५२मधून २७ वजा करायला सांगा. रीत अर्धवट पाठ असलेलं मूल पुष्कळदा ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. आपण म्हणतो, लक्ष नाही याचं. पण पुढची दहा गणितं तपासली तर दहाही ठिकाणी तेच दिसेल. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर निबंध लिहिला. या चुका बऱ्याचदा बेफिकिरीच्या नसतात, मूल एक चुकीचा नियम मोठ्या इमानाने पाळत असतं, असं त्यांनी दाखवलं. ‘मोठ्यातून लहान काढायचा’ हा असाच नियम. बिनहातच्याच्या वजाबाक्या करताना तो प्रत्येक वेळी खरा ठरलेला असतो, मग मुलाने तो का सोडावा? अशा मुलाला आणखी वीस गणितं दिली तर तो चुकीचा नियमच वीस वेळा पक्का होतो.

५०३ वजा २७८ घेतलं की उसन्याची गोष्ट पुरती कोसळते. शेजारी शून्य आहे. त्याच्याकडे द्यायला काही नाही. मग पलीकडच्या पाचाकडे जायचं, शून्याचे नऊ करायचे, असं आपण सांगतो. नऊ का? मूल विचारत नाही, कारण विचारून उपयोग नाही हे तोवर त्याला कळलेलं असतं. या गोष्टीतला खरा दोष असा की त्यात मूळ संख्येचं काय होतं ते कुठेच येत नाही. ५२चे चार दशक आणि बारा सुटे केले, तरी ते बावन्नच राहतात. कुणी काही दिलं नाही, कुणी काही घेतलं नाही. एक दशक मोडला, इतकंच. हे ज्याला कळलं त्याला ५०३मधल्या नवाचं कोडं पडत नाही. एक शतक मोडला, दहा दशक मिळाले. त्यातला एक मोडला, नऊ उरले आणि सुटे झाले तेरा. चार शतक, नऊ दशक, तेरा सुटे. आता २७८ काढा, २२५ राहतात.

‘आमचं काही अडलं नाही’ याचं उत्तर आकड्यांतच आहे. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५पासून खेडोपाडी, घरोघर जाऊन मुलांना तपासतं. त्यातली वजाबाकीची चाचणी म्हणजे दोन अंकी, हातच्याचीच वजाबाकी. हा भाग दुसरीत शिकवून व्हायला हवा असं धरलेलं असतं. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती २०१८मध्ये २८.२ टक्क्यांना आली, २०२२मध्ये २५.९ टक्क्यांना आणि २०२४मध्ये ३३.७ टक्क्यांना. यांतल्या सर्वांत चांगल्या वर्षीसुद्धा तिघांतल्या जवळपास दोघांना ती आली नाही. ही शाळेत जाणारी मुलं आहेत. रीत त्यांच्या फळ्यावरून गेलेली असते, घोकंपट्टीही झालेली असते. ज्यांचं अडलं नाही तेच सल्ला द्यायला येतात. ज्यांचं अडलं ते ‘आपल्याला गणित जमत नाही’ म्हणून गप्प बसले.

आता आजोबा-पणजोबांचा दाखला. त्यांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती आणि ते बोटांवर हिशेब करत, हे अगदी खरं. पण ते काय वजा करत होते हे पाहिलं पाहिजे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. ५ रुपये ३ आणे ४ पैंतून २ रुपये ७ आणे ९ पै वजा करायच्या तर एक आणा मोडून बारा पै घ्यायच्या आणि एक रुपया मोडून सोळा आणे. उरतात २ रुपये ११ आणे ७ पै. वजनात मणाचे चाळीस शेर. ‘शेजारून एक घे, त्याचे दहा कर’ हा मंत्र तिथे चाललाच नसता. आपण काय मोडतो आहोत आणि त्याचे किती होतात, हे प्रत्येक पायरीला ठाऊक असावं लागे. त्यांचं पाठांतर रोजच्या देवघेवीवर उभं होतं. आपण देवघेव काढून टाकली, पाठांतर ठेवलं आणि वर पणजोबांचं नाव घेतो.

वजाबाकी उजवीकडूनच सुरू करायची, हासुद्धा काही धर्म नव्हे. भास्कराचार्यांची लीलावती ११५०ची. तिच्यात बेरीज-वजाबाकी स्थानाप्रमाणे करावी, क्रमाने किंवा उलट क्रमाने, अशी दोन्ही मुभा आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ चालवला, त्या आचार्यांनी जी मोकळीक दिली ती आपण आठ वर्षांच्या पोराला का नाकारावी? पन्नासातून वीस गेले तीस, वरचे दोन मिळवले बत्तीस, त्यातून सात गेले पंचवीस, असं एखादी मुलगी तोंडी सांगते तेव्हा ती उत्तम गणित करत असते. तिला ‘आधी एकक’ म्हणून अडवणं हा अन्याय आहे.

मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेलेही आहेत आणि घरी शिकवणाऱ्या पालकांत ते जास्त भेटतात. मुलाला काही शिकवूच नका, व्यवहारातून ते आपलं आपण शिकेल, लेखी रीत म्हणजे बेडी, असं ते म्हणतात. कॉन्स्टन्स कामी या अभ्यासक बाईंनी लेखी रिती लवकर लादल्याने मुलांची स्थानिक किमतीची समज खुंटते, असं आग्रहाने मांडलं. त्यांचा ‘लवकर’वरचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यावरून ‘कधीच नको’ हा निष्कर्ष काढता येत नाही. पाच अंकी वजाबाकी तोंडी धरून ठेवताना मोठी माणसंही घसरतात. घरी शिकलेलं मूलही पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसेल, त्याला कागदावर काम करावंच लागेल. १९४९ साली विल्यम ब्राउनेल आणि हॅरॉल्ड मोझर यांनी तिसरीतल्या मुलांच्या वजाबाकीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दशक मोडण्याची रीत अर्थासह शिकलेली मुलं, तीच रीत यांत्रिकपणे शिकलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. रीत तीच होती, फरक शिकवण्यात होता.

मग घरी काय करावं? काड्यापेटीतल्या काड्या घ्याव्या, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधाव्या. बांधायचं काम मुलाचं, आपलं नव्हे, कारण ज्याने जुडी बांधली त्याला ती सोडता येते हे वेगळं सांगावं लागत नाही. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडायच्या. सत्तावीस मागायच्या. मूल थांबतं, आपल्याकडे पाहतं. इथे पालकाने गप्प बसायचं, आणि हे फार अवघड आहे. बहुतेक मुलं थोड्या वेळाने एका जुडीचं रबर काढतात. त्याच क्षणी, काही वजा करण्याआधी, एकच विचारायचं: आता सगळ्या मिळून किती? जे मूल पुन्हा एकापासून मोजायला लागतं त्याला ‘मोडलं तरी तितकेच’ हे अजून पटलेलं नाही. त्याला मोजू द्यावं, दुसऱ्या दिवशीही मोजू द्यावं. जे हसून ‘बावन्नच की’ म्हणतं, त्याच्यासाठी आता वही उघडायची. पाचावर काट मारून चार आणि दोनाच्या जागी बारा लिहायचे, तेही त्याने नुकतंच हातांनी केलं ते टिपून ठेवायचं म्हणून.

आपल्या मराठीत एक जास्तीची अडचण आहे. एकोणतीस ऐकताना कानावर तीस पडतात आणि मांडायचे असतात दोन दशक, नऊ सुटे. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचनही दिलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, विधानसभेतही तो विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. मी त्यांच्या बाजूचा आहे. एकोणतीस मुलांना यायलाच हवेत, पण जुड्या मांडताना ‘दोन दहा आणि नऊ’ म्हटल्याने मराठीचं काही बिघडत नाही.

काड्यांवरून हात निघाला की आपल्या भागात साहित्याची ददात नाही. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती कारखाना. गाळप हंगामात घरात काट्याची पावती येते आणि ती पावती म्हणजे वजाबाकीच असते. समजा भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं वजन २६ टन ३२० किलो, रिकाम्यांचं ८ टन ७६५ किलो. तीनशे वीसातून सातशे पासष्ट जात नाहीत. एक टन मोडा, हजार किलो घ्या: २५ टन १३२० किलो. ऊस भरला १७ टन ५५५ किलो. दहाऐवजी हजारावर मोडलं तरी कल्पना तीच आहे, हे मुलाला दिसलं की ती त्याची झाली. जिरायत भागात कडबा शेकड्यावर विकतात. तीन शेकडे चार पेंढ्यांतून एकशे अडुसष्ट गेल्या तर किती उरल्या, हे गंजीपाशी उभं राहून विचारावं.

‘आई-बाप शिक्षक नाहीत, त्यांना हे कसं झेपणार’ हा शेवटचा आक्षेप. लिपिंग मा यांचं १९९९चं पुस्तक इथे उपयोगी पडतं. २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना त्यांनी याच वजाबाकीबद्दल विचारलं. बहुतेक अमेरिकी शिक्षक रीतच सांगत राहिले, तर चिनी शिक्षकांतले बहुसंख्य वरच्या स्थानातला एक मोडण्याविषयी बोलले. आणि औपचारिक शिक्षणाची वर्षं चिनी शिक्षकांचीच कमी होती. या विषयात पदवीपेक्षा ती एक गोष्ट नीट कळलेली असणं मोठं आहे. पावती वाचणाऱ्या, सुटे पैसे देणाऱ्या कोणत्याही आईला ती कळलेली असते. फक्त शिकवायला बसल्यावर ती बाजूला ठेवून शाळेतला मंत्र म्हणू नये.

घरी शिकणारी मुलं म्हणजे हौसेने शाळा सोडलेल्यांचीच, असंही धरू नये. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं महिनोन् महिने कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, असतात. त्यांना जवळच्या शाळेत बसवणं हे सरकारचं काम आहे आणि ते मागितलंच पाहिजे. पण शाळा सुटल्यावर, किंवा ती मिळेपर्यंत, त्यांच्याही घरात ही वजाबाकी व्हायला हवी. उचल किती घेतली, तोडीत किती फिटली, अंगावर किती राहिली, हा त्यांच्या आई-बापांचा सगळा हिशेब हातच्याचा आहे आणि तो मुकादमाच्या वहीत असतो. ज्यांच्या रानात टोळी उतरते त्यांनी आपल्या मुलाबरोबर त्या मुलालाही जुड्या सोडायला बसवावं, आणि मोठं झाल्यावर दोघांनाही एकच पावती तपासायला द्यावी.